नागरी बँकेचे संचालक मंडळ : नावापुढील व्यवसाय आणि हाताखालून गेलेले काम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या, सुमारे तीनशे कोटी रुपयांच्या ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकेची निवडणूक जवळ आली आहे आणि सतरा जागांसाठी पॅनेल बांधले जात आहे. यादीत चार व्यापारी, दोन डॉक्टर, एक वकील, एक चार्टर्ड अकाउंटंट, एक बांधकाम व्यावसायिक, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि सहा ‘सामाजिक कार्यकर्ते’ आहेत; सतरावी जागा आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे. ही मंडळी बँक चालवण्यास योग्य आहेत का, आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या अभियंत्याने त्यांच्यात जाऊन बसावे का, असे आपण विचारले आहे. मी सहकारी बँकांचे लेखापरीक्षण अठ्ठावीस वर्षे केले आणि त्यानंतर दोन बँकांत स्वीकृत, म्हणजे निवडून न येता मंडळाने घेतलेला, तज्ज्ञ संचालक म्हणून बसलो. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी कायद्याची बाजू पाहू, कारण पॅनेल बांधणाऱ्या मंडळींना ती बहुधा शेवटी आठवते. जून 2020 पासून बँकिंग विनियमन कायद्याच्या कलम 10-अ ची तरतूद सहकारी बँकांनाही लागू झाली. तिच्यानुसार संचालक मंडळातील किमान 51 टक्के सदस्यांना लेखाशास्त्र, शेती व ग्रामीण अर्थव्यवस्था, बँकिंग, सहकार, अर्थशास्त्र, वित्त, कायदा, लघुउद्योग यांपैकी एखाद्या विषयाचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असावा लागतो. सतरा जणांचे 51 टक्के म्हणजे नऊ. आपल्या यादीत या कसोटीला निर्विवाद उतरणारे दोघेच दिसतात, वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट. व्यापाऱ्यांपैकी एखाद्याचा स्वतःचा लघुउद्योग असेल तर तो तिसरा. उरलेल्या सहा जागा कागदावर कशा भरल्या जातील हे मी आताच सांगू शकतो : त्या सर्वांपुढे ‘सहकार’ किंवा ‘शेती’ असे लिहिले जाईल. पतसंस्थेत पाच वर्षे संचालक असलेला सहकारातील अनुभवी ठरतो आणि सातबाऱ्यावर नाव असलेला शेतीतील जाणकार. कायद्याने मागितलेला शब्द आणि कायद्याला अपेक्षित असलेला माणूस यांच्यात जे अंतर पडते, ते येथे पडते.

म्हणून व्यवसायाच्या रकान्यावर मी फारसा विसंबत नाही. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानांवर संचालकांची छायाचित्रे आणि त्यांखाली ‘व्यापार’, ‘शेती’, ‘समाजसेवा’ असे शब्द छापलेले असतात. त्यांवरून त्या व्यक्तीला गावात लोक काय म्हणून ओळखतात एवढे कळते. कर्ज प्रकरणाची टिपणी पुढे आल्यावर ती कोणता प्रश्न विचारू शकेल हे कळत नाही. संचालकाचे खरे काम मात्र तेच आहे. महिन्यातून एकदा किंवा दोनदा दोन-तीन तास बसायचे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने तयार केलेली चाळीस-पन्नास पाने पुढे घ्यायची, आणि त्यांत जे लिहिलेले नाही ते ओळखायचे. ही दृष्टी पदवीतून येत नाही. उमेदवाराने आयुष्यभर हाताखालून कोणते काम घातले यावरून ती येते.

व्यापाऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण शहरातील शिकलेली माणसे त्यांच्याविषयी उगीच नाक मुरडतात. मी तज्ज्ञ संचालक असताना हळदीच्या एका आडत दुकानाचे कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे उचलायचे कर्ज, नूतनीकरणासाठी आले होते. ताळेबंद नीटनेटका होता, गुणोत्तरे समाधानकारक होती, दरमहा साठापत्रक येत होते आणि नजरगहाण, म्हणजे तारण असूनही दुकानदाराच्याच ताब्यात राहणाऱ्या, मालाचे मूल्य उचललेल्या रकमेपेक्षा भरपूर जास्त दिसत होते. मी स्वतः त्यावर अनुकूल मत दिले. पलीकडे बसलेले एक संचालक, स्वतः चाळीस वर्षे त्याच पेठेत दलाली केलेले गृहस्थ, साठापत्रकांची चळत हातात घेऊन म्हणाले, “साहेब, नवी हळद फेब्रुवारीपासून येऊ लागते. ह्यांची पोती मात्र वर्षभर तेवढीच कशी?” अकरा महिन्यांच्या साठापत्रकांत पोत्यांची संख्या दहा-पंधरांच्या फरकाने सारखीच होती आणि बाजारभाव उतरल्यावरही दर तसाच लावला होता. अधिकाऱ्यांना गोदाम पाहण्यास पाठवले तेव्हा निम्माही माल नव्हता. मी आकडे तपासले होते आणि त्यांनी माल तपासला होता. व्यापाऱ्याची पार्श्वभूमी मंडळाला हवी असते ती यासाठी : कोणत्या धंद्यात पैसा किती दिवस अडकतो, कोणाची हुंडी बाजारात कोणी घेत नाही, कोणाच्या दुकानात गेल्या दिवाळीपासून नवा माल आलेला नाही, हे त्याला कोणत्याही अहवालाआधी ठाऊक असते.

तथापि हीच माहिती दुधारी आहे. ज्याला पेठेतील प्रत्येकाची पत माहीत असते, त्याचे पेठेतील प्रत्येकाशी देणेघेणेही असते. आपल्या गिऱ्हाइकाचे कर्ज मंजूर झाले की आपली उधारी वसूल होईल, असा हिशेब मनात असलेला संचालक मी पाहिला आहे आणि प्रतिस्पर्ध्याचे प्रकरण क्षुल्लक कारणाने लांबणीवर टाकणाराही पाहिला आहे. म्हणून मंडळावर व्यापारी असावेत, पण ते एकाच धंद्यातील नसावेत. आपल्या यादीतील चौघेही किराणा-भुसार पेठेतील असतील, तर ती चार जणांची नव्हे, एकाच नजरेची चार मते समजावीत. त्यांच्यापैकी दोघांऐवजी एखादा औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणारा आणि एखादा दूध संकलनाचा किंवा द्राक्षबागेचा हिशेब जाणणारा माणूस घेता आला, तर कलम 10-अ चेही काम होईल आणि मंडळाचेही.

चार्टर्ड अकाउंटंट आहेत म्हणजे हिशेबाची बाजू सुरक्षित, अशी समजूत सार्वत्रिक आहे. माझ्याच व्यवसायाविषयी लिहिताना थोडे कठोर व्हावे लागेल. प्राप्तिकर आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला बँकेचा ताळेबंद वाचता येतोच असे नाही. बँकेत कर्ज ही मालमत्ता असते आणि ठेव हे देणे. नव्वद दिवस व्याज किंवा हप्ता न आलेले खाते अनुत्पादक ठरते. आणि ते तसे ठरू नये म्हणून मार्चअखेरीस त्याच कुटुंबातील दुसऱ्या नावावर नवे कर्ज देऊन जुने नियमित केले जाते. हा शेवटचा प्रकार ओळखण्यासाठी बँकेच्या लेखापरीक्षणाचा अनुभव लागतो, कारण तो कोणत्याही एका खात्याच्या उताऱ्यात दिसत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातील उलाढाल मार्चच्या शेवटच्या आठवड्याशी लावून पाहावी लागते. दुसरा प्रश्न त्यांना स्पष्टच विचारावा : बँकेच्या मोठ्या कर्जदारांपैकी किती जण आपले अशील आहेत? गावात दोन-तीनच कार्यालये असतील तर उत्तर ‘बरेच’ असे येणार, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र ज्यांचे ताळेबंद आपण सही करून दिले त्यांच्या कर्जावर चर्चा चालू असताना सभागृहाबाहेर जाण्याची आणि तशी नोंद इतिवृत्तात करण्याची त्यांची तयारी हवी.

वकिलांबाबतही असाच तपशील विचारावा. फौजदारी न्यायालयातील नामांकित वकील बँकेला प्रतिष्ठा देतो; गहाणखत, मालमत्तेचा शोध अहवाल आणि वसुली यांत रुळलेला, फारसा नावाजलेला नसलेला दिवाणी वकील बँकेचे पैसे वाचवतो. सहकारी बँकेला वसुलीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खालील वसुली दाखल्याचा मार्ग आहे, आणि न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याचाही आहे. दुसऱ्या मार्गाविषयी अनेक वर्षे वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2020 मध्ये तो सहकारी बँकांसाठी खुला असल्याचे ठरवले. कोणत्या थकबाकीदारासाठी कोणता मार्ग धरायचा हे ज्याला सांगता येते असा एक माणूस मंडळात असला, तर वसुली अधिकारी नुसत्या नोटिसांचे गठ्ठे पाठवून वर्ष काढू शकत नाही.

डॉक्टरांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. त्यांच्या नावावर ठेवी येतात, रुग्णालयाच्या यंत्रसामग्रीच्या कर्जावर त्यांचे मत मोलाचे असते, आणि बाह्यरुग्ण विभाग सोडून सभेला वेळेवर येणे त्यांना क्वचितच जमते. दोघांऐवजी एक पुरे.

निवृत्त मुख्याध्यापकांना मात्र वगळू नका. कायद्याच्या 51 टक्क्यांत त्यांची गणती होणार नाही, पण मी ज्या दोन मंडळांवर होतो त्यांतील सर्वांत उपयोगी संचालकांपैकी एक मुख्याध्यापक होते. बँकिंग त्यांना येत नव्हते. वाचता येत होते. मागील सभेचे इतिवृत्त ते ओळीओळीने वाचत आणि “हा ठराव सभेत झाला नव्हता” किंवा “येथे ‘अटींच्या पूर्ततेनंतर’ हे शब्द होते, ते गळाले आहेत” असे शांतपणे सांगत. ऐन वेळच्या विषयांत कर्ज प्रकरण आले की त्यांचा विरोध ठरलेला असे, कर्जदार कोणीही असो. अध्यक्ष त्यांच्यावर वैतागत. पुढे एका जुन्या कर्जाची चौकशी लागली आणि त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याची वेळ आली, तेव्हा ज्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदलेला होता ते सुटले. ज्यांनी “सर्वानुमते मंजूर” या दोन शब्दांखाली मान डोलावली होती त्यांची घरे-जमिनी चौकशीच्या कक्षेत आल्या.

बांधकाम व्यावसायिक ही अवघड जागा आहे. रिझर्व्ह बँकेने 2003 पासून नागरी सहकारी बँकांना संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या संस्थांना कर्ज देण्यास मनाई केली आहे. स्वतःच्या ठेवीवरील किंवा विमा पॉलिसीवरील कर्जासारखे मोजके अपवाद आहेत. तेव्हा ज्याच्या धंद्याला सतत भांडवल लागते असा माणूस, ज्या बँकेतून त्याला कर्ज मिळणार नाही तिचा संचालक होण्यासाठी निवडणुकीचा खर्च का करतो, हा प्रश्न शांतपणे विचारावा. प्रामाणिक उत्तरही असू शकते; वडील संस्थापक होते, समाजासाठी काही करावेसे वाटते. पण त्याच्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्यांना, त्याच्या खडी-वाळूच्या पुरवठादारांना आणि त्याच्या भागीदारांच्या मेहुण्यांना गेलेली कर्जे एकत्र मांडून पाहिल्याशिवाय मी ते उत्तर स्वीकारणार नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा तिच्या कर्जांचा बहुतांश भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे आणि तो हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचे उघड झाले. तेथे आकार मोठा होता. पद्धत लहान गावातही तीच असते.

आता त्या सहा ‘सामाजिक कार्यकर्त्यां’कडे येऊ. हा शब्द मी टाकाऊ मानत नाही, पण तो व्यवसाय नव्हे, आणि त्याआड दोन अगदी भिन्न प्रकारची माणसे उभी असतात. एखादी महिला दहा वर्षे बचत गटांचे काम करते, तीनशे बायकांची हप्ताफेड तिच्या डोळ्यांसमोरून जाते, कोणत्या वस्तीत पावसाळ्यात हप्ता थांबतो आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतो हे तिला पाठ असते. लहान कर्जांविषयी तिच्याइतके ज्ञान मंडळात दुसऱ्या कोणालाही नसते. महिलांच्या दोन राखीव जागांवर माजी संचालकांच्या पत्नींना किंवा सुनांना बसवून प्रश्न मिटवण्याची जी रीत पडली आहे तिच्यामुळे अशा बायका बाहेर राहतात, आणि हे नुकसान मला मोठे वाटते. दुसऱ्या प्रकारचा कार्यकर्ता म्हणजे लग्नकार्यापासून अंत्ययात्रेपर्यंत सर्वत्र हजर असलेला, शिफारस हाच ज्याचा व्यवसाय आहे असा गृहस्थ. त्याच्यामुळे मते मिळतात हे मी नाकारत नाही. पण वसुली समितीत तो बसला की थकबाकीदाराच्या दारात गाडी जात नाही. सहांपैकी कोण कोणत्या प्रकारचे हे आपल्या गावातील कोणीही आपल्याला सांगेल.

आपल्या यादीत जी माणसे नाहीत त्यांच्याविषयी मला अधिक चिंता वाटते. तिच्यात बँकेत नोकरी केलेला एकही माणूस नाही. राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले लोक आता प्रत्येक तालुक्यात सापडतात, परंतु त्यांच्यामागे मते नसल्याने पॅनेलमध्ये त्यांना कोणी विचारत नाही. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतील 122 कोटी रुपयांच्या रोकडीच्या अपहाराचे प्रकरण फेब्रुवारी 2025 मध्ये बाहेर आले आणि रिझर्व्ह बँकेने मंडळ बरखास्त केले. त्याच वर्षी ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. तिजोरीत किती रोकड ठेवण्याची मर्यादा आहे, प्रत्यक्षात किती आहे, ती अचानक कोणी व कधी मोजली, किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे प्रश्न शाखा चालवलेल्या माणसाला झोपेतही सुचतात आणि इतरांना वर्षानुवर्षे सुचत नाहीत. तसाच माहिती तंत्रज्ञान जाणणारा माणूसही यादीत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेवर सायबर हल्ला होऊन सुमारे 94 कोटी रुपये गेले. ती तर राज्यातील जुन्या आणि मोठ्या बँकांपैकी एक. तीनशे कोटींच्या बँकेत सगळी प्रणाली बाहेरच्या कंपनीच्या भरवशावर चालते आणि त्या कंपनीशी झालेला करार मंडळातील एकानेही वाचलेला नसतो.

ही उणीव भरून काढण्यास दोन वाटा आहेत. पहिली तज्ज्ञ संचालक स्वीकृत करण्याची. त्यांना निवडणूक लढवावी लागत नाही, पदाधिकाऱ्यांच्या निवडीत त्यांना मत नसते आणि ते स्वतः पदाधिकारी होऊ शकत नाहीत. त्यामुळे गटबाजीत त्यांची किंमत शून्य आणि सभेत त्यांचे बोलणे मोकळे. पराभूत उमेदवाराची सोय लावण्यासाठी या जागा वापरल्या जाऊ नयेत, अशी अट पॅनेल बांधतानाच लिहून घ्या, कारण निकालानंतर ती कोणी ऐकणार नाही. दुसरी वाट व्यवस्थापन मंडळाची. शंभर कोटी आणि त्यावरील ठेवींच्या नागरी बँकांनी असे मंडळ नेमावे, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2019 मध्ये ठरवले. त्यात किमान पाच आणि जास्तीत जास्त बारा सदस्य असतात, संचालक नसलेल्या बाहेरच्या जाणकारांनाही त्यात घेता येते, आणि कर्ज मंजुरी, वसुली, गुंतवणूक, अंतर्गत नियंत्रण यांवर देखरेख ठेवण्यात त्यांनी संचालक मंडळाला साहाय्य करावे अशी अपेक्षा आहे. आपल्या बँकेत ते कागदोपत्री असेलच. त्यातील नावे मागवून पाहा. पाचही जण अध्यक्षांच्या बैठकीतले निघाले तर नवल नाही, पण ते बदलणे नव्या मंडळाच्या हाती आहे आणि त्यासाठी मते लागत नाहीत.

बाहेरचा जाणकार आपल्या लोकांना रुचणार नाही, असे आपण लिहिले आहे. महाराष्ट्राच्या सहकाराचा आरंभ मात्र वेगळे सांगतो. प्रवरा परिसरातील शेतकऱ्यांना घेऊन विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना उभारत होते, तेव्हा अध्यक्षपदासाठी त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांना आणले. गाडगीळांच्या मागे गावकी नव्हती, भावकी नव्हती. 1950-51 च्या हंगामात त्या कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि सुरुवातीची अनेक वर्षे एका अर्थशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करणे हे विखे पाटलांचे काम, ते गाडगीळांना जमले नसते. सरकारपुढे आणि वित्तसंस्थांपुढे हिशेब मांडणे हे गाडगीळांचे. दोघांनाही आपापली मर्यादा माहीत होती.

जुन्या संचालकांविषयीही एक गोष्ट लक्षात घ्या. सहकारी बँकेत अध्यक्ष व पूर्णवेळ संचालक वगळता इतरांना सलग किती काळ राहता येईल याची मर्यादा आठ वर्षांची होती, ती ऑगस्ट 2025 पासून दहा वर्षे झाली. ही मर्यादा गाठलेल्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव उभे राहतील आणि त्यांच्या नावापुढे ‘अभियंता’, ‘एमबीए’ असे लिहिलेले असेल. पदवी खरी असेल. काम काय केले तेवढे विचारा.

आपल्या स्वतःच्या उमेदवारीबद्दल माझे मत अनुकूल आहे, एका अटीवर. अभियंता म्हणून आपली जागा कायद्याच्या यादीत थेट बसत नाही, परंतु तारण मालमत्तेचे मूल्यांकन हा नागरी बँकांतील सर्वांत कच्चा दुवा आहे. बांधकामाचा दर चौरस फुटाला किती लावला, अर्धवट इमारत पूर्ण झाल्याचे दाखवून हप्ता सोडला का, बिगरशेती आदेश खरोखर त्याच गटाचा आहे का, रस्त्याला लागून दाखवलेल्या भूखंडाला रस्ता आहे का, हे तीस वर्षे मोजमाप पुस्तिका तपासलेल्या माणसाने पाहिले तर अनेक प्रकरणे मंजुरीपूर्वीच थांबतील. अट अशी की कर्ज उपसमितीत जागा मिळाली तर मूल्यांकन अहवालाच्या सहीवर न थांबता महिन्यातून दोन दिवस जागेवर जाण्याची आपली तयारी हवी. आणि गावातील ठेकेदारांशी नोकरीच्या काळात आलेला संबंध, ज्यांची बिले आपण मंजूर केली त्यांची कर्जे आता आपल्यापुढे येणार हे लक्षात घेऊन, पहिल्याच सभेत लेखी जाहीर करा.

अर्ज भरण्यापूर्वी सभासद म्हणून बँकेचे मागील तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल मागवून घ्या. ढोबळ अनुत्पादक कर्जाचे प्रमाण, त्यातील संभाव्य बुडितासाठी बाजूला ठेवलेली तरतूद आणि लेखापरीक्षकाचे तेच ते शेरे किती वर्षे ‘पूर्तता चालू आहे’ या उत्तरावर थांबले आहेत, एवढ्या तीन गोष्टी एका कागदावर काढा आणि तो कागद पॅनेलच्या पुढच्या बैठकीत सर्वांसमोर ठेवा. त्यावर कोण प्रश्न विचारतो, कोण विषय बदलतो आणि कोण चहा मागवतो, हे पाहून आपली यादी आपणच दुरुस्त करू शकाल.